पाणीवाल्या बाईंची दहा वर्षं

गोरेगावातल्या एका उड्डाणपुलाला मृणालताई गोरे यांचं नाव आहे. नळाच्या पाण्यासाठी भांडलेल्या बाईंची आठवण मोटारींच्या पुलावर ठेवावी, हे मुंबईलाच सुचू जाणे! २०२८ मध्ये त्यांची जन्मशताब्दी येईल. तेव्हा हारतुरे होतील, भाषणंही होतील.

सुरुवातीची वर्षं झटपट सांगता येतात. वैद्यकीचं शिक्षण अर्धवट सोडून समाजवादी चळवळ, बंडू गोरे यांच्याशी लग्न, १९५८ मध्ये त्यांचा मृत्यू, १९६१ मध्ये मुंबई महापालिका. कोरड्या नळांसाठी ताईंनी इतके मोर्चे काढले, की लोकांनीच त्यांना ‘पाणीवाली बाई’ करून टाकलं. अलीकडे तर मार्च २०२२ पासून तीन वर्षांहून अधिक काळ त्याच महापालिकेत नगरसेवकच नव्हते. तेव्हा रिकामा हंडा नेऊन आपटायचा तरी कुणाच्या दारात?

खरा रंग चढला तो सत्तरच्या दशकात. १९७२ चा दुष्काळ, धान्य कडाडलेलं, रॉकेलसाठी रांगा. त्याच वर्षी ताई विधानसभेत गेल्या, पण गाजल्या रस्त्यावर. महागाई प्रतिकार समितीत कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर आणि तारा रेड्डी, समाजवादी प्रमिला दंडवते अशा सगळ्या एकत्र आल्या. पुरुष नेत्यांना एका सतरंजीवर बसणं जमत नव्हतं, तो काळ! हजारो बायका लाटणी घेऊन निघाल्या, थाळ्या बडवू लागल्या. लाटण्याने सरकार पडत नाही. पण मंत्र्याला घरची आठवण नक्की होते.

मग आणीबाणी. ताई भूमिगत झाल्या, पुढे तुरुंगात गेल्या. १९७७ मध्ये उत्तर मुंबईतून त्या लोकसभेवर निवडून आल्या, इंदिरा गांधी हरल्या आणि घोषणा घुमली: ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’.

नवे पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी देऊ केलेलं आरोग्यमंत्रिपद ताईंनी नाकारलं. या नकाराचे गोडवे फार गायले गेले. खरं तर समाजवाद्यांना त्यागाची हौस भारी आणि खुर्चीचं वावडं. भांडायला मात्र सगळे पुढे. १९७९ मध्ये मोरारजींचं जनता पक्षाचं सरकार कोसळलं, त्यात त्यांच्या भांडणांचा वाटा थोडाथोडका नव्हता.

१९८५ मध्ये ताई पुन्हा विधानसभेत आल्या. गर्भलिंगनिदानाविरुद्ध त्यांनी विधेयक आणलं. १९८८ मध्ये महाराष्ट्राने कायदा केला. केंद्राला त्यासाठी १९९४ उजाडलं.

बाबूराव सामंत यांच्या साथीने ताईंच्या नागरी निवारा परिषदेने दिंडोशीत हजारो घरं उभी केली, तीही नागरी कमाल जमीन धारणा कायद्याच्या आधारावर मिळवलेल्या जमिनीवर. तो कायदा राज्याने २००७ मध्ये गुंडाळला. ताई २०१२ मध्ये गेल्या, म्हणजे हेही त्यांना बघावं लागलं. आज त्याच गोरेगावात टॉवरच्या जाहिरातींत जलतरण तलाव असतो, आणि गेटवर टँकर.