विश्लेषण : सूज उतरली, पण थकव्याचे काय? संधिवाताच्या संशोधनात रुग्णाचे दुखणे कसे मोजतात?

‘रिपोर्ट चांगले आहेत,’ असे डॉक्टर सांगतात आणि रुग्ण मात्र दुपार होण्याआधीच गळून गेलेला असतो. रुमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजेच आमवात असलेल्या अनेकांचा हा अनुभव. यात खोटे कोणीच बोलत नाही. दोघे वेगवेगळ्या गोष्टी पाहत असतात. नव्या औषधांच्या चाचण्यांतही बरीच वर्षे हेच घडत होते.

चाचणीत नेमके काय मोजतात?

पूर्वी संशोधक आपापल्या मोजपट्ट्या वापरत. त्यामुळे दोन औषधांची तुलना करणे अवघड होई. १९९२ मध्ये नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथे तज्ज्ञ एकत्र आले आणि ‘ओमेरॅक्ट’ हा आंतरराष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. त्यानंतर प्रत्येक चाचणीत मोजायच्या किमान बाबींवर एकमत झाले : दुखरे सांधे, सुजलेले सांधे, वेदना, दैनंदिन कामे करण्याची क्षमता, रुग्णाचे व डॉक्टरांचे एकंदर मत आणि रक्तातील दाह, म्हणजे ईएसआर किंवा सीआरपी. रुग्णाला अगदीच वगळले होते असे नाही. मात्र त्याला काय विचारायचे, हे ठरवताना तो खोलीत नव्हता.

सोयीसाठी केलेल्या काटछाटीचाही परिणाम होतो. ‘डीएएस-२८’ या प्रचलित निर्देशांकात खांदे, कोपर, मनगटे, हाताची बोटे आणि गुडघे असे २८ सांधे तपासतात. घोटे आणि पावले त्यात नाहीत. सकाळी पहिले पाऊल टेकताना कळ येणाऱ्या रुग्णाचा आजारही मग कागदावर आटोक्यात दिसू शकतो.

रुग्ण आल्यावर काय बदलले?

२००२ मध्ये ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथे झालेल्या ओमेरॅक्टच्या परिषदेत रुग्णांना चर्चेत सहभागी करून घेण्यात आले. त्यांनी मांडलेला ठळक मुद्दा होता थकव्याचा. किमान यादीत तो नव्हताच! पुढे ब्रिस्टलमधील संशोधक सॅरा हिवलेट व सहकाऱ्यांनी रुग्णांशी सविस्तर बोलून या थकव्याचे स्वरूप मांडले. तो कामाने येणारा नेहमीचा शीण नव्हे. कधी कारणाशिवाय येतो, विश्रांतीने जाईलच असे नाही आणि त्यावर आपला ताबा नाही असे रुग्णाला वाटते. विशेष म्हणजे अनेक जण डॉक्टरांकडे त्याचा विषयच काढत नाहीत. ‘यावर कुठे औषध असते’, असे त्यांनी गृहीत धरलेले असते. अशा तक्रारी मोजल्या गेल्या नाहीत, तर एखादे औषध त्या कमी करते की नाही हेही कळत नाही. २००६ मध्ये माल्टा येथील परिषदेत, शक्य तिथे चाचण्यांमध्ये थकवा मोजावा, यावर सहमती झाली.

मोजणे एवढे अवघड का?

थकव्याला रक्ततपासणी नाही, प्रश्नावलीवरच भिस्त. ती स्वीकारण्यापूर्वी ओमेरॅक्ट तीन कसोट्या लावते. जे मोजायचे तेच ती मोजते का? रुग्णात पडलेला फरक तिच्यात उमटतो का? आणि ती वापरणे व्यवहारात जमते का? या कसोट्यांना वेळ लागतो.

भारतीय रुग्णांसाठी प्रश्न वेगळे का?

कार्यक्षमता मोजणारी ‘एचएक्यू’ ही प्रश्नावली १९८० मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातून आली. टबमध्ये आंघोळ करता येते का, व्हॅक्यूम क्लीनर फिरवता येतो का, हे तिचे प्रश्न. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आवृत्तीत शौचालयात उकिडवे बसणे, जमिनीवर मांडी घालणे यांचा समावेश झाला. गुडघे धरलेल्या माणसाचा दिवस इथेच अडतो. थकव्याबाबत तर शब्दांपासूनच अडचण आहे. ‘दमता का?’ असे विचारल्यावर पहाटेपासून राबणारी बाई ‘कामाने दमायचेच’ म्हणून विषय संपवू शकते. ‘काहीही न करता अंगातले त्राण जाते का?’ या प्रश्नाला तिचे उत्तर वेगळे असू शकते.