गटाचा निर्णय सहमतीने कसा घ्यावा?

मृगाचा पाऊस समाधानकारक झाला व जमिनीस वाफसा आला, की कारंजा तालुक्यात पेरणीची एकच घाई उडते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन पुरेशी ओल साठल्याखेरीज सोयाबीन पेरू नये, अशी शिफारस आहे. त्यामुळे पेरणीयोग्य दिवस सर्वांचे एकाच वेळी येतात आणि ते थोडे असतात. शेतकरी गटाजवळ रुंद वरंबा-सरी पेरणीयंत्र मात्र एकच असते. ते प्रथम कोणाच्या शेतात न्यावयाचे? प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु अशाच प्रश्नावरून चांगले चाललेले गट मोडतात.

प्रस्तुत लेखकाच्या हातून या बाबतीत एक चूक घडली आहे. तालुक्यातील अकरा सभासदांच्या एका गटात हाच प्रश्न निघाला. रस्त्यालगतच्या शेतांपासून आरंभ करून यंत्र क्रमाने पुढे न्यावे, अशी सूचना आली. वेळ वाचावा म्हणून लेखकाने हात वर करावयास सांगितले. सहा विरुद्ध पाच असा निकाल लागला. निर्णय झाला, असे वाटले. पुढील बैठकीस ते पाच सभासद आलेच नाहीत.

बैठकीत गप्प राहिलेल्या एका शेतकरी भगिनीस नंतर विचारले असता खरे कारण कळले. त्या पाचही जणांची शेते नाल्याकाठच्या भारी जमिनीची होती. तेथे वाफसा उशिरा येतो, आणि आलेला वाफसा हुकून पुन्हा पाऊस झाला, तर कित्येक दिवस शेतात पाऊल टाकता येत नाही. रस्त्यालगतची जमीन हलकी. ती लवकर वाफशावर येते व पाऊस झाला तरी लवकर निचरते. पुन्हा बैठक घेतली. आरंभ हलक्या जमिनीपासूनच करावा, मात्र नाल्याकाठची शेते ज्या दिवशी वाफशावर येतील त्या दिवशी यंत्र प्रथम तिकडे न्यावे, असे ठरले. यास कोणाचीही हरकत राहिली नाही. हात मोजण्यापूर्वी अडचण विचारली असती, तर हा मार्ग पहिल्याच दिवशी सापडला असता.

सहमती म्हणजे काय?

सर्वांची मते सारखी होणे म्हणजे सहमती नव्हे. निर्णय आपल्या पहिल्या पसंतीचा नसला, तरी आपली अडचण ऐकली गेली आहे व हा निर्णय आपण पाळू, असे प्रत्येकास मनापासून म्हणता येणे, ही सहमती होय. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे वचन येथे लावू नये. आपल्या बैठकांत मौनाचा अर्थ पुष्कळदा भीड, भय किंवा निराशा असा असतो. मतदानाने निर्णय लवकर होतो, हे खरे. परंतु गटाचे काम सर्वांच्या हातांनी व्हावयाचे असते, आणि हरलेले हात कामास लागत नाहीत.

विदर्भातील एक उदाहरण

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाने ही रीत अनेक वर्षे चालविली आहे. तेथील ग्रामसभा बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने निर्णय घेते. देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे या कार्याशी निगडित आहेत. तेथे अभ्यासगट व ग्रामसभा यांची कामे वेगळी ठेवलेली आहेत. अभ्यासगटात विषयाची माहिती घ्यावयाची व मोकळी चर्चा करावयाची. निर्णय मात्र ग्रामसभेतच करावयाचा. २००९ साली या गावास सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून ग्रामसभा स्वतः बांबूची विक्री करू लागली. आधी माहिती, मग निर्णय, हा तेथील क्रम आपल्या दहा-बारा जणांच्या गटासही उपयोगी आहे.

बैठकीची पद्धत

१. प्रश्न एकच व नेमका मांडावा. ‘यंत्राचे काय करावयाचे?’ असे न विचारता ‘पेरणीच्या दिवसांत यंत्राची पाळी कोणत्या क्रमाने लावावी?’ असे विचारावे.

२. प्रथम माहिती गोळा करावी. प्रत्येकाचे क्षेत्र, जमिनीचा प्रकार व शेतावर जाण्याची वाट यांची नोंद सर्वांसमक्ष करावी.

३. सर्वांनी गोलाकार बसावे व पाळीपाळीने बोलावे. अल्पभूधारक, तरुण व स्त्रिया यांना आधी बोलू द्यावे. गटाचे अध्यक्ष व वडीलधारी मंडळी यांनी शेवटी बोलावे. वडीलधाऱ्यांचे मत आधी पडले, की इतरांची तोंडे मिटतात.

४. सूचना आल्यावर ‘मान्य आहे ना?’ असे विचारू नये. ‘यात कोणास कोणती अडचण येईल? काय बदलले म्हणजे ती दूर होईल?’ असे विचारावे व त्यानुसार सूचना दुरुस्त करावी.

५. शेवटी प्रत्येकाकडून स्पष्ट उत्तर घ्यावे: मान्य आहे, पसंत नाही, पण पाळीन, किंवा माझी हरकत आहे. हरकत घेणाऱ्याने कारण सांगावे व शक्य तर पर्यायही सुचवावा.

६. ठरलेली गोष्ट वहीत लिहून वाचून दाखवावी व फेरविचाराची तारीख तेथेच ठरवावी. एकाच हंगामापुरता निर्णय असेल, तर संकोच करणारेही तो करून पाहण्यास तयार होतात.

काही मर्यादा

एकाच्या हट्टापायी दहा जणांचे काम अडू नये. हरकतीमागे गटाचे किंवा कोणा सभासदाचे खरे नुकसान आहे, की केवळ नावड आहे, हे शांतपणे पारखावे. वाफसा कोणासाठी थांबत नाही. म्हणून सहमती न झाल्यास काय करावयाचे, चिठ्ठ्या टाकावयाच्या की गेल्या वर्षीचाच क्रम ठेवावयाचा, हे उन्हाळ्यातच सर्वसंमतीने ठरवावे. सहकारी संस्था किंवा शेतकरी उत्पादक कंपनी यांच्या निवडणुका व ठराव त्यांच्या नियमांप्रमाणेच व्हावयास हवेत. तथापि मतदानापूर्वी अडचणी ऐकून घेण्यास कोणताही नियम आड येत नाही.

कार्यकर्त्याने तांत्रिक माहिती पूर्ण द्यावी, परंतु निर्णय आपल्या तोंडून येऊ देऊ नये. साहेबांनी ठरविलेली पाळी साहेबांची पाठ फिरली की मोडते. आपण ठरविलेली पाळी गट स्वतः राखतो. पाचामुखी परमेश्वर, असे आपण म्हणतो. त्यासाठी पाचही मुखे बोलती व्हावी लागतात. येत्या बैठकीत जो सभासद नेहमी गप्प बसतो, त्याला प्रथम विचारावे. ज्या अडचणीवरून गट उद्या मोडावयाचा, ती बहुधा त्यालाच आज ठाऊक असते.