गरम देश गरीबच राहतात का?

नववीच्या वर्गात भूगोल शिकवताना एक प्रश्न हमखास येतो. "टीचर, थंड देश श्रीमंत आणि गरम देश गरीब, असं का?" जगाचा नकाशा पाहिला की वाटतंही तसंच. पण तीन देश शेजारी ठेवून पाहू या.

पहिला फिनलंड. १८६६ ते १८६८ या काळात थंडी-पावसाने तिथली पिकं बुडाली आणि दुष्काळात सुमारे ८ टक्के लोक मेले. आज तो देश श्रीमंत आहे. थंडी तीच, पण हिवाळ्यात समुद्र गोठला तरी बर्फ फोडणारी जहाजं बंदरं चालू ठेवतात. थंडीत वाढणाऱ्या जंगलांवर त्यांनी लाकडाचा आणि कागदाचा मोठा धंदा उभा केला.

दुसरा सिंगापूर. विषुववृत्तापासून जेमतेम १४० किलोमीटर, बारा महिने दमट उकाडा. दमट हवेत घाम लवकर सुकत नाही, शरीर थंड होत नाही, मग कामाचा वेग आपोआप मंदावतो. ली कुआन यू पंतप्रधान झाल्यावर त्यांनी आधी सरकारी कचेऱ्यांत एसी बसवले. डासांचा बंदोबस्त झाला आणि १९८२ मध्ये देश मलेरियामुक्त ठरला. हवामानाचा फायदाही आहे: विषुववृत्ताजवळ चक्रीवादळं क्वचितच येतात, त्यामुळे बंदर सहसा बंद पडत नाही.

तिसरा कुवेत. २१ जुलै २०१६ रोजी तिथे मित्रिबा इथे ५३.९ अंश तापमान नोंदलं गेलं. तेलाच्या पैशावर एसी आले, समुद्राचं पाणी गोडं करून नळाला आलं. म्हणजे उन्हावर मात करता येते, पण त्याची किंमत मोजावी लागते. उन्हाळ्यात विजेचा मोठा वाटा फक्त गारव्यावर खर्च होतो.

मुलांना मी एवढंच सांगते, हवामान म्हणजे तकदीर नाही. पैसा, आरोग्य आणि चांगला कारभार असेल तर मार्ग निघतो. मात्र एसी ऑफिसात असतो, बांधकामावर नसतो.

ही गोष्ट आपल्या घरांपर्यंत येते. कोकणातल्या कितीतरी घरांतले भाऊ, मुलगे आखातात आहेत. तिथल्या सरकारांनी उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम करायला बंदी घातली आहे. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२.३० ते ३, तर कतारमध्ये १ जूनपासून १५ सप्टेंबरपर्यंत सकाळी १० ते दुपारी ३.३०. धंद्याचे तास बुडतात, पण माणसाचा जीव वाचतो.

व्हिसा आला की आपण पहिल्यांदा विचारतो, पगार किती? यापुढे सही करण्याआधी आणखी दोन प्रश्न विचारा. काम आत आहे की उन्हात? आणि जून ते सप्टेंबर ड्युटीची वेळ काय?