लेखक-वैमानिकाचं हरवलेलं विमान

‘द लिटल प्रिन्स’ लिहिणारा आंत्वान द सेंत-एक्झुपेरी मुरलेला वैमानिक होता. ३१ जुलै १९४४ ला कॉर्सिकातल्या बोर्गो तळावरून तो टेहळणीला निघाला. विमान पी-३८ लाइटनिंगच्या फोटो टिपणाऱ्या प्रकारातलं. त्यात कॅमेरे होते, बंदूक एकही नव्हती! तो परतलाच नाही.

१९९८ मध्ये मार्सेजवळ एका मच्छीमाराच्या जाळ्यात चांदीचं ब्रेसलेट आलं. त्यावर सेंत-एक्झुपेरीचं, बायको कोन्सुएलोचं आणि अमेरिकी प्रकाशकाचंही नाव कोरलेलं. तरी अनेकांना ते खोटंच वाटलं. जवळच रिऊ बेटापाशी समुद्रतळाशी विमानाचे अवशेष सापडले, पण खात्री पटली ती २००४ मध्ये, एका तुकड्यावरच्या, त्याच्या विमानाच्या क्रमांकाशी जुळणाऱ्या २७३४ या आकड्यामुळे.

पॅरिसला गेलात तर ल बूर्जेच्या विमान संग्रहालयात हे अवशेष जरूर पाहा.