कोल्हापूर ते नागपूर विमानाने नेमका किती वेळ लागतो? ॲपवरचा आकडा आणि तिकिटावरची वेळ वेगळी का?

कोल्हापूर आणि नागपूर, एकाच राज्याची दोन टोकं. महाराष्ट्र एक्स्प्रेस पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ असा वळसा घेत सुमारे १,२०० किलोमीटर धावते आणि या प्रवासात जवळपास अख्खा दिवस जातो. रस्त्यानेही ८०० किलोमीटरच्या पुढचं अंतर आहे. हिवाळी अधिवेशनाचं काम असो वा मुलांचं कॉलेज, थेट विमानाचा पर्याय दिसला की साहजिकच हायसं वाटतं. पण प्रवासाचं गणित मांडताना अनेकांची इथेच गल्लत होते.

हवाई अंतर किती?

उजळाईवाडी आणि सोनेगाव या दोन विमानतळांमधलं सरळ रेषेतलं अंतर सुमारे ७०० किलोमीटर भरतं. विशेष म्हणजे मुंबई-नागपूर हवाई अंतरही जवळपास एवढंच, सुमारे ६८० किलोमीटर आहे.

मग वेळ किती लागतो?

अंतर दाखवणारी बहुतेक ॲप्स किलोमीटरला सरासरी वेगाने भागतात. ताशी ८०० किलोमीटर धरले तर उत्तर येतं ५३ मिनिटं. मात्र विमान संपूर्ण प्रवासात या वेगाने उडत नाही. धावपट्टीपर्यंत जाणं, उंची गाठणं, खाली उतरणं आणि पार्किंगपर्यंत पोहोचणं यात २० ते २५ मिनिटं सहज वाढतात. म्हणजे छोट्या जेट विमानाला साधारण सव्वा तास लागतो. एटीआरसारख्या पंख्याच्या विमानाचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे त्याला पावणेदोन तास धरा.

तिकिटावरची वेळ म्हणजे काय?

विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर थांबेपर्यंतचा वेळ म्हणजे 'ब्लॉक टाइम'. तिकिटावर हाच छापलेला असतो. हिवाळ्यात उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. त्यामुळे नागपूरला जाताना विमानाला मागून रेटा मिळतो, तर परतताना काही मिनिटं जास्त लागू शकतात.

घरापासून घरापर्यंत

विमानतळ गाठायला अर्धा तास, उड्डाणाआधी दीड तास, प्रवास सव्वा तास, सामान घेऊन शहरात पोहोचायला पाऊण तास. एकूण हिशेब चार तासांचा. 'तासाभरात नागपूर' असं समजून दुपारची मीटिंग ठरवलीत, तर धावपळ अटळ आहे.

उशीर झाला तर?

डीजीसीएच्या नियमानुसार अडीच तासांपर्यंत ब्लॉक टाइम असलेल्या विमानाला दोन तास किंवा अधिक उशीर होणार असेल, तर वेळेत चेक-इन केलेल्या प्रवाशांना कंपनीने मोफत खाणंपिणं द्यावं लागतं. उशीर सहा तासांहून जास्त असेल, तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा मागता येतो.

हे लक्षात ठेवा

- पुढचं विमान वेगळ्या तिकिटावर असेल, तर ते चुकल्याची जबाबदारी पहिली कंपनी सहसा घेत नाही. मध्ये किमान तीन-चार तास ठेवा.
- मार्च आणि ऑक्टोबरच्या अखेरीस विमानांचं वेळापत्रक बदलतं. प्रादेशिक मार्गांवर आठवड्यातले वारही बदलू शकतात. तिकीट काढण्याआधी तारीख आणि वार दोन्ही तपासा.