फोनवर विचारायचं राहून जातं ते

दहावी झाली की गावोगावची पोरं ‘नीट’च्या तयारीसाठी लातूरच्या ट्यूशन एरियात, नांदेडच्या भाग्यनगरात खोल्या घेतात. रात्री घरून फोन येतो: जेवलास का, टेस्टला किती पडले? तंबाखू, ट्रिपल सीट, मोबाइलवर लावलेले पैसे यांबद्दल चकार शब्द नाही. विषय काढला तर नको ते डोक्यात भरेल, ही पालकांची धास्ती. ती अनाठायी आहे.

थराराची ओढ वयात येतानाच उसळते. तिला आवर घालणारा कपाळामागचा मेंदू मात्र पंचविशीपर्यंत घडत राहतो. अमेरिकेत गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ होता. मित्र बघत असताना १३ ते १६ वयाच्या मुलांनी एकट्यापेक्षा कितीतरी जास्त धोका पत्करला. २४च्या पुढच्यांत तसा फरक पडला नाही. धोका पोरांना कळत नाही असं नाही, चारचौघांत तो पत्करला जातो.

म्हणून नुसत्या तंबीनं भागत नाही. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी रूममेट पुडी पुढं करू शकतो. ‘तेव्हा काय म्हणशील रे?’ असं विचारा आणि मध्ये न तोडता ऐका. ‘रात्री कुठं अडकलास तर आधी मला फोन कर, रागावणं नंतर,’ हेही स्पष्ट सांगा, आणि फोन आलाच तर शब्द पाळा. घरी बोलणं जमतच नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मुलाला आणि पालकांनाही मराठीत बोलता येतं.