जपानी चित्रपट आणि आमची दहा बाय दहाची खोली

जपान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय उभे राहते? वेगाने धावणारी आगगाडी, चेरीचा बहर, किमोनो घातलेली स्त्री, फार तर तलवार उपसलेला सामुराई. पु. ल. देशपांडे यांचे ‘पूर्वरंग’ वाचलेल्यांना आणखी थोडा जपान ठाऊक असतो. मला मात्र या लेखात सांगायचे आहे ते निराळ्याच जपानबद्दल. हा जपान चटईवर बसून चहा पितो, दोरीवर कपडे वाळत घालतो, कचेरीत कागदांचे गठ्ठे उपसतो आणि गावाहून आलेल्या म्हाताऱ्या आईबापांची सोय कुठे लावायची या विवंचनेत असतो. म्हणजे तो बराचसा आपल्यासारखाच आहे.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. आजोबा गिरणीत होते, बाबा एका खाजगी कचेरीत शिपाई आहेत, आई पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते. अशा घरांतून आलेल्या मुलामुलींकडे वार्षिक अंकासाठी लेख मागितला की ती म्हणतात, “लिहायचे कशावर? आमच्याकडे घडते काय?” हा नुसता संकोच नाही. साहित्य आणि कला ही दुसऱ्या कुणाची तरी मिरास आहे, अशी समजूत त्यामागे दडलेली असते. या प्रश्नाला जपानी कलावंतांनी दिलेले उत्तर मला मोलाचे वाटते.

प्रथम यासुजिरो ओझू (१९०३–१९६३) या दिग्दर्शकाविषयी. ओझूचा कॅमेरा उंचावरून पाहत नाही. तो जमिनीवर बसलेल्या माणसाच्या नजरेइतका, कधी त्याहूनही खाली ठेवलेला असतो आणि सहसा जागचा हलत नाही. जपानी घरांत माणसे चटईवर बसतात, म्हणून पाहणाऱ्यानेही त्यांच्यात येऊन बसावे, अशीच ही मांडणी वाटते. दोन प्रसंगांच्या मध्ये तो कधी वाळत घातलेले कपडे दाखवतो, कधी धुराडे, कधी रिकामा बोळ. कथेत तेव्हा काहीच घडत नसते. पण आधीच्या प्रसंगाचे दुःख त्या रिकाम्या जागेत मुरते.

आमच्या खोलीत खुर्ची एकच, तीही पाहुण्यांसाठी. जेवण, अभ्यास, तांदूळ निवडणे, रात्रीची अंथरुणे, सारे जमिनीवर. ही खोली उभ्याने पाहिली तर नुसती अडगळ दिसते. जमिनीवर बसून पाहिली तर घर दिसते. ओझूचे तंत्र मला पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा या खोलीमुळे लवकर समजले.

त्याचा ‘टोकियो स्टोरी’ हा चित्रपट १९५३ सालचा. ओनोमिची या गावाहून वृद्ध आईवडील टोकियोतल्या मुलांकडे येतात. मुलगा डॉक्टर, मुलगी केशभूषेचे दुकान चालवते. दोघेही दुष्ट नाहीत, फक्त त्यांना वेळ नाही. म्हणून ती आईवडिलांना आटामीच्या समुद्रकाठी विश्रांतीला पाठवून देतात. युद्धात नाहीशा झालेल्या दुसऱ्या मुलाची बायको नोरिको तेवढी कामावर रजा घेऊन त्यांना शहर दाखवते. गावी परतल्यावर थोड्याच दिवसांत आई जाते. कथा एवढीच. मारामारी नाही, खलनायक नाही. आटामीला रात्री गोंगाटात झोप न लागलेले ते म्हातारा-म्हातारी सकाळी समुद्राच्या बांधावर शेजारी शेजारी बसतात, ते दृश्य पाहिल्यावर शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर न बोलता बसलेले वृद्ध जोडपे पूर्वीच्या नजरेने पाहता येत नाही.

हा चित्रपट मला जिव्हारी लागला त्याला आणखी एक कारण आहे. शिकून पुढे जाणे म्हणजे कुणापासून तरी दूर जाणे असते. उद्या मला नोकरी लागेल, वेळ नसेल, आणि पोळ्या लाटून दुखणाऱ्या आईच्या खांद्याची चौकशी मी फोनवर करीन. ओझू यावर प्रवचन देत नाही, कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करीत नाही. तो एवढेच दाखवतो की हे असे होते.

दुसरा चित्रपट अकिरा कुरोसावाचा ‘इकिरू’ (१९५२). इकिरू म्हणजे जगणे. वातानाबे हा नगरपालिकेचा जुना अधिकारी. वर्षानुवर्षे कागदांवर शिक्के मारण्यापलीकडे त्याने काही केलेले नाही. वस्तीतल्या बायका एक अर्ज घेऊन येतात: घाण पाण्याचे डबके बुजवा, तिथे मुलांसाठी बाग करा. त्यांना या खात्याकडून त्या खात्याकडे नाचवले जाते. पुढे आपल्याला पोटाचा कर्करोग आहे, थोडेच महिने उरले आहेत, हे वातानाबेला कळते. तो आधी चैन करून पाहतो, पण मन रमत नाही. शेवटी तोच अर्ज हाती घेऊन तो प्रत्येक खात्याच्या दारात चिवटपणे उभा राहतो आणि ती बाग करवून घेतो. बर्फ पडत असताना त्याच बागेतल्या झोक्यावर त्याचा शेवट होतो. गंमत अशी की बाग होण्याची हकीकत आपल्याला कळते ती त्याच्या मृत्यूनंतर जमलेल्या सहकाऱ्यांच्या बोलण्यातून, आणि त्यातले बरेच जण श्रेय दुसऱ्याच कुणाला द्यायला निघालेले असतात.

हा चित्रपट पाहिला आणि आपल्या शिवाजी पार्कची आठवण झाली. हे मैदान १९२५ साली महापालिकेने लोकांसाठी खुले केले. तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क होते. नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने १९२७ साली त्याला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. सुमारे २८ एकरांची ही मोकळी जागा. इथे क्रिकेटचे धडे गिरवलेल्यांची नावे सर्वांना पाठ आहेत. पण या जागेसाठी कोणत्या कारकुनाने टिपण लिहिले, कोणत्या शिपायाने ती फाईल या टेबलावरून त्या टेबलावर नेली, त्यांची नावे कोण सांगणार? माझे बाबा रोज अशाच फायली नेतात. ‘इकिरू’ पाहिल्यापासून त्यांच्या कामाकडे मी कथेचा विषय म्हणून पाहू लागले.

चित्रकलेतही हेच आढळते. हिरोशिगे (१७९७–१८५८) याने एदो, म्हणजे आजच्या टोकियो शहराची शंभराहून अधिक दृश्ये लाकडी ठशांनी छापली. त्यांतले १८५७ सालचे एक चित्र जगप्रसिद्ध आहे: अचानक सर आली आहे आणि पुलावरची माणसे छत्र्या सावरीत पळत आहेत. व्हॅन गॉगने १८८७ मध्ये त्याची रंगीत नक्कल केली. अशी छापील चित्रे सामान्य नगरवासी विकत घेत, आणि त्यांत त्यांचेच रस्ते असत. जूनमध्ये टिळक पुलावर आपली जी धांदल उडते ती याहून वेगळी थोडीच आहे?

आता हायकू. बाशो (१६४४–१६९४) याच्यासारख्या कवींनी मोठा केलेला हा सतरा मात्रांचा काव्यप्रकार मराठीत रुजवला तो शिरीष पै (१९२९–२०१७) यांनी. त्यांचा ‘ध्रुवा’ हा संग्रह १९७९ सालचा. त्यांनी तीन ओळी कायम ठेवल्या आणि त्यांतल्या दोन ओळींना मराठी कानाला रुचणारे यमक दिले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात याच शिवाजी पार्कवर आचार्य अत्रे यांचा आवाज घुमला होता. त्यांच्याच कन्येने मराठीत सर्वांत हळू आवाजाची कविता आणावी, याचे मला फार नवल वाटते. हायकूत दोन चित्रे शेजारी ठेवायची आणि कवीने बाजूला व्हायचे. मी केलेला एक प्रयत्न देते:

सामना अडला पावसाने
झाकलेल्या खेळपट्टीवर
साळुंकी फिरते डौलाने

कुणी म्हणेल, यासाठी जपानला कशाला जायचे? नारायण सुर्वे यांनी १९६६ साली ‘माझे विद्यापीठ’ लिहून कामगारवस्तीला मराठी कवितेत आणलेच की! अगदी खरे. सुर्व्यांनी आमचा आवाज सभेत ऐकवला. जपानी कलावंतांनी मला त्याच माणसांची शांतता ऐकायला शिकवली. आपल्याला दोन्ही हवे आहेत.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, जपान्यांची नक्कल करा असे माझे म्हणणे नाही. आपल्या घरात थोडे खाली बसून पाहा. घाईने अर्थ सांगू नका. आईचा पोळपाट, बाबांची फाईल, आजीने गावाहून आणलेली कुळथाची पुरचुंडी, हे सारे लिहिण्याजोगे आहे. पुढच्या वर्षीच्या अंकात आमच्यासारख्या घरांतले लेख अधिक संख्येने यावेत, एवढीच इच्छा.